निर्वेध व बोजारहित

खाडी आणि भातखाचर यांच्या मधे जो मातीचा बांध असतो, त्याचा मालक कोण? प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही. गावनकाशात बांधाची रेघ आहे, पण तिला गट क्रमांक नाही. सातबाऱ्यावर बांध येत नाही. सरकारी कचेरीच्या म्हणण्याप्रमाणे तो तिच्या यादीत नाही. आणि यादीत नाही म्हणजे तो कोणाचा, हे सांगणे कचेरीच्या कामात बसत नाही. अशा या संदिग्ध मुलुखात एक माणूस मात्र वीसेक वर्षे कमालीच्या ठामपणाने वावरला. अ‍ॅडव्होकेट गणराज मोकल. अमुक जमीन कोणत्याही कटकटीपासून मुक्त आहे असे लिहून देणे, हा त्याचा व्यवसाय होता. त्या दाखल्याचा शेवट एकाच वाक्याने होई: ‘सदर मिळकत निर्वेध व बोजारहित आहे.’ अलिबागेत असे म्हणत की मोकल वकिलाने हे वाक्य लिहिले की जमिनीतली गांडुळेसुद्धा आपला हक्क सोडतात.

गणराज मूळचा नांदखारचा. रेवदंड्याच्या खाडीने आत वळावे, मासळीचा वास मागे पडावा आणि भाताचा सुरू व्हावा, तिथे हे गाव आहे. गावची शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. बाहेर खाडीचे खारे पाणी, आत पावसाचे गोडे पाणी, आणि या दोहोंच्या मधे पुरुषभर उंचीचा बांध. खेकड्यांनी पोखरलेला हा बांध कधी उधाणाने फुटला, म्हणजे गावच्या भाषेत त्याला खांड गेली, की ती ओहोटीच्या अवधीत बुजवावी लागे. पुढची भरती शिरली की खाचर तीन वर्षे पिकत नसे. त्यासाठी गावात ‘जोळ’ होती. बांधाच्या आत ज्याचे खाचर, त्या घरातला एक माणूस घमेले घेऊन बांधावर, एवढाच तिचा नियम. जोळीला अध्यक्ष नव्हता, शिक्का नव्हता, सभासदत्वाची पावती नव्हती. होता तो एक शंख. तो पिढ्यान्‌पिढ्या एका घरात असे, आणि आमच्या काळात ते घर कोंडाजीचे होते. शंख वाजला की जेवत असलेला माणूस ताटावरून उठे. गणराजच्या वडिलांचा हात चिखलात बरबटलेला असताना त्यांना मुलगा झाल्याचा निरोप बांधावरच मिळाला होता, आणि त्यांनी आधी खांड बुजवली होती.

वकिली शिकून आल्यावर गणराज अलिबागेत रामचंद्र वकिलांकडे उमेदवारीस राहिला. रामचंद्र वकील हे मागल्या जमान्याचे गृहस्थ. खरेदीखत करण्यापूर्वी ते धोतर वर खोचून स्वतः जमिनीत उतरत, आणि खारीतली, म्हणजे बांधाआडची, जमीन असली तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारीत, “बांधावर कोण जातो?” या पद्धतीने एका व्यवहाराला महिना लागे, त्यांच्या पायांना बारमाही चिखल्या असत, आणि त्यांच्याकडे अशिलांपेक्षा चहा पिणारेच जास्त येत. गणराजने गुरूचे अक्षर घेतले, दस्तांतली जुनी भाषा घेतली, आणि चिखल्या तेवढ्या गुरूकडेच ठेवल्या. जमीन कागदावर दिसते तेवढीच असते, असे त्याचे मत बनले. त्याच्या प्रगतीचा आलेख काढायचा तर तो पायांवरून काढता येईल: उमेदवारीत स्लिपर, सनद मिळाल्यावर चपला, पहिल्या मोठ्या व्यवहारानंतर बूट, आणि पुढे गाडी आल्यावर बुटांच्या तळव्यांनाही धूळ लागेनाशी झाली.

तो पहिला मोठा व्यवहार त्याच्या स्वतःच्याच जमिनीचा होता. वडील वारले, तेव्हा नांदखारची खाचरे आई आवडाबाई आणि तो अशा दोघांत त्याने वाटून घेतली. साल २००६ होते. मुंबईचे लोक जिल्ह्याच्या नकाशाकडे दुकानातल्या साडीसारखे पाहू लागले होते. गणराजने आपला हिस्सा विकला आणि अलिबागेत कार्यालय घेतले. आईला तो म्हणाला, तूही वीक. आवडाबाई म्हणाल्या, “इकीन. पन मंग शंख वाजला की मी कंच्या तोंडानं घरात बसू?” हा आक्षेप कायद्याच्या कोणत्या कलमात बसतो, ते त्याला सापडले नाही, म्हणून त्याने तो फेटाळला. आईने जमीन ठेवली.

आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे सातबारा आहे तो. आपला हिस्सा विकल्याच्या दिवशी गणराज शेतकरी राहिला नाही. हे त्याला माहीत नव्हते असे नाही. पण त्या वयात शेतकरी असणे हा त्याला जामिनावर सुटण्याजोगा अपराध वाटत असे. पुढे त्याचे दिवस दुसऱ्यांना शेतकरी करण्यात गेले. मुंबईचे हिरेवाले, दंतवैद्य, एक संगमरवराचे व्यापारी अशा कितीतरी लोकांच्या आजोबांनी कुठल्या ना कुठल्या दूरच्या जिल्ह्यात नांगर धरला होता, हे त्याने कागदोपत्री सिद्ध केले. ज्यांनी बैलाला मागून पाहिले नव्हते, ते लोक त्याच्या कार्यालयातून शेतकरी होऊन बाहेर पडत आणि खाली गाडी कुठे लावली होती ते शोधत.

त्याची सर्वांत मोठी अशील हेतलबेन. भायखळ्याला तिचे कार्यालय होते आणि नांदखारच्या बांधालगत बंगले बांधण्याची तिची योजना होती. योजनेचे नाव इंग्रजीत होते आणि त्याचा अर्थ ‘भरतीच्या कुशीत’ असा काहीसा होई. पाहता पाहता निम्म्याहून अधिक खाचरे हेतलबेनच्या गिऱ्हाइकांच्या नावे झाली. गणराजने प्रत्येक खरेदीखत रामचंद्र वकिलांच्या भाषेत लिहिले. जमीन दिली जाई ती ‘त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपांसह’. पाणी दिले, झाड दिले, गवत दिले, दगड दिला. जमिनीत कोणी सोन्याचा हंडा पुरला असेल तर तोही दिला. चिखलाचा उल्लेख नव्हता.

गणराजला एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्याला कोणी लिहून देऊ शकत नव्हते. काशीदला करमअलींची वाडी होती: नारळ, सुपारी, एक रहाट, आणि कुंपणापलीकडे समुद्र. करमअली तरुणपणी आखातात होते. मुले तिकडेच राहिली; आता वाडी भल्या माणसाच्या हाती द्यावी असे त्यांच्या मनात होते. गणराज महिन्यातून एकदा तिथे जाई, बूट काढून ओटीवर बसे आणि शहाळे पिई. करमअली एकदा हसत म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्ही सगळ्या जहानला किसान बनवता. स्वतःसाठी एक कागद बनत नाही?” बनत होता, पण तो प्रकार इतरांसाठी कसा केला जातो हे ठाऊक असल्यामुळे स्वतःसाठी करण्याची त्याची छाती होईना. सरळ वाट एकच उरली होती. वारसाने आलेल्या जमिनीला कायद्याची आडकाठी नाही. आईचे खाचर आईच्या माघारी त्याच्याकडे येईल, त्या दिवशी तो पुन्हा शेतकरी होईल आणि काशीदची वाडी घेईल. आईने शंभर वर्षे जगावे ही त्याची इच्छा प्रामाणिक होती. त्यानंतर सातबाऱ्यावर नाव चढवण्याच्या फेरफाराला विलंब होऊ नये ही इच्छाही तितकीच प्रामाणिक होती. तो आईला दर महिन्याला टॉनिक पाठवी. बायको सुचिता त्याला विचारी, “हे टॉनिक नेमकं कोणाच्या तब्येतीसाठी?”

या साऱ्या व्यवस्थेत विघ्न आणले ते जोळीने. एका पावसाळ्यात लहानशी खांड गेली. कोंडाजीने शंख वाजवला. गाववाले आले, ज्यांनी जमिनी विकल्या होत्या तेही सवयीने आले. नवे मालक मात्र मुंबईत होते, आणि शंखाचा आवाज मांडव्याच्या धक्क्यापलीकडे जात नसावा. खांड बुजली. मग जोळीने जुन्या रिवाजाप्रमाणे गैरहजर घरांना दंड लावला: घरटी एक नारळ, आणि पुढच्या वेळी दोन माणसे. ठरावाची खबर देण्यासाठी बंगल्यांच्या वाटेवर बांबू आडवा घालण्यात आला. संगमरवराचे व्यापारी शनिवारी आपल्या गाडीसह त्या बांबूपाशी पोचले, आणि कोंडाजीने त्यांच्याकडे अत्यंत आदराने नारळ मागितला.

हेतलबेनचा फोन त्याच संध्याकाळी आला. गणराजने नोटीस लिहायला घेतली. ती त्याच्या लेखणीची कमाल होती, असे आजही वकील मंडळींत म्हणतात. तीत म्हटले होते की जोळ नावाची कोणतीही संस्था नोंदणीकृत नाही, सबब ती अस्तित्वात नाही. जी अस्तित्वात नाही तिला दंड करता येत नाही. कोणत्याही जमिनीवर बांधाच्या कामाचा अगर बांधावर हजर राहण्याचा बोजा नाही. आणि यापुढे शंख वाजवून माणसे गोळा केल्यास तो बेकायदेशीर जमाव समजला जाईल. नोटीस रजिस्टर पोस्टाने कोंडाजीला गेली. कोंडाजीने ती गणपतीच्या देवळात शाळेतल्या पोराकडून तीनदा वाचून घेतली. दुसऱ्या दिवशी बांबू निघाला.

इथवर सगळे गणराजच्या अपेक्षेप्रमाणे घडले. त्याचा अंदाज चुकला तो पुढे. गावकऱ्यांशी वागताना सगळे वकील हे गृहीत धरतात की गावकरी कायदा अर्धवट पाळतील. साऱ्या कायदेशीर लिखाणाचा डोलारा या विश्वासावर उभा असतो. नांदखारने नोटीस पूर्णपणे पाळली. नोटीस लिहिणारे पोर आपलेच होते, सातवीत असताना बांधावर घमेले उचलीत होते. आता ते एवढे शिकून सांगते की जोळ नाही, तर नसेल. कोंडाजीने शंख देवघरात ठेवून दिला. ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या ते बांधाकडे फिरकेनासे झाले. खेकड्यांना नोटीस मिळालेली नव्हती.

२०१९ च्या पावसाळ्यात, अमावास्येच्या उधाणाला, दुपारी बाराच्या सुमारास बांधाला खांड गेली. ती गेली नेमकी आवडाबाईंच्या खाचरासमोर. भाताचे आवण, म्हणजे रोपे, लावून पंधरवडा झाला होता. योगायोग असा की त्याच दिवशी गणराज हेतलबेनला घेऊन गावात आला होता. उरलेल्या मालकांना भेटायचे होते. गाडी समाजमंदिरापाशी थांबली, तेव्हा सारे गाव ओट्यावर बसून पाण्याकडे पाहत होते. खाडी खाचरात शिरत होती, फार शांतपणे, खरेदीखत करून घेतलेल्या मालकासारखी.

गणराजने पाहिले ते फक्त आईचे खाचर. हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप झाला. पाणी आता ओसरू लागेल. रात्रीची भरती यायच्या आत खांड बुजली, तर पाऊस मीठ धुऊन काढील आणि भात वाचेल. न बुजली, तर खांड रुंदावत जाईल, आणि मग तिथे भात नव्हे, तिवरे, म्हणजे कांदळ, उगवतील. तिवरांच्या जमिनीला हात लावायला सरकारही घाबरते. आईची जमीन, त्याचे शेतकरीपण, काशीदची वाडी, सगळे त्या भोकातून वाहून चालले होते. तो कोंडाजीकडे वळला आणि म्हणाला, शंख आणा.

कोंडाजी सत्तरीचा, बोलायला सावकाश. पूर्वी तो याला गण्या म्हणत असे. नोटीस आल्यापासून अहोजाहो करी.

“आनतो ना, वकीलसायब. पन जोळ हाय का?”

“कोंडाजीकाका, ही वेळ आहे का असं बोलायची?”

“येळेचा न्हाय इचारला. हाय का न्हाय, त्यो इचारला. मागं तुमीच कळवलाव, न्हाय म्हून. आता हाय झाली आसंल तर बरा झाला. लिवून द्या.”

ओट्यावर कोणी हसले नाही. त्यात थट्टा नव्हती. निदान कोंडाजीच्या चेहऱ्यावर ती शोधून सापडली नसती. शंख वाजवून पन्नास माणसे गोळा केली आणि उद्या पोलीस आले, तर म्हाताऱ्याला दाखवायला काहीतरी हवे होते. आणि शिवाय, तो पुढे म्हणाला, लिहायचेच तर ज्यांची ज्यांची जमीन आत आहे त्या सगळ्यांच्या नावाने लिहा. नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा वाद.

गणराजने खिशातले पेन काढले. दोन ओळींचे काम होते: नांदखारच्या खारीत जोळ आहे, आणि बांधाच्या आतील प्रत्येक जमिनीवर तिचा बोजा आहे. खाली सही. एवढे लिहिले की शंख वाजणार होता, आणि शंख वाजला की अवघे गाव उठणार होते. ते उठण्याच्या तयारीनेच बसले होते, काहींनी तर घमेली सोबत आणली होती. पण एवढे लिहिले की त्याच्याच हातची सारी प्रमाणपत्रे खोटी ठरणार होती. प्रत्येक बंगल्याच्या कागदावर निर्वेध व बोजारहित म्हणून त्याची सही होती.

गाडीची काच खाली झाली. हेतलबेनला तपशील कळला नव्हता, पण वकिलाच्या हातात पेन आणि समोर गाव हे दृश्य कोणत्याही भाषेत कळण्याजोगे होते. “मोकलभाई,” ती म्हणाली, “काय पण लिहून नाय द्यायचं हां. माणसं पायजे तर मी जेसीबी मागवते.”

जेसीबी त्या चिखलात स्वतःच खांड झाला असता. गणराजला हे ठाऊक होते. तरीही त्याने कोंडाजीला सुचवले की तूर्त आपण तोंडी समजूत करू. कागदाचे नंतर पाहता येईल.

“तोंडी?” कोंडाजीने खरोखर आश्चर्याने विचारले. “तोंडीच व्हती की, सायब. आमच्या आज्यापासून तोंडीच व्हती.”

गणराज पेन हातात धरून उभा राहिला. त्याने मनातल्या मनात मसुदे केले: ‘कोणाच्याही हक्कास बाध न येता’, ‘केवळ मानवतेच्या भूमिकेतून’, ‘हा दाखला पुढे पुरावा म्हणून वापरता येणार नाही’. प्रत्येक मसुदा निर्दोष होता आणि कोणत्याही मसुद्याने शंख वाजला नसता. तिकडे ओहोटी लागली, खांडीचे दोन्ही काठ उघडे पडले, आणि ओला चिखल दिसू लागला.

तेवढ्यात आवडाबाई आल्या. पदर खोचलेला, डोक्यावर घमेले. मुलाकडे त्यांनी पाहिले नाही. “भावजी,” त्या कोंडाजीला म्हणाल्या, “माजे नावचा सातबारा हाय. मी जोळीत हाय. कागद कोनाला पायजे आसंल त्यानं मागून न्यावा. तुमी फुका शंख.”

कोंडाजी उठला. शंख वाजला. ज्यांची खाचरे अजून त्यांच्याच नावे होती ती माणसे लगेच उठली. ती नऊ होती, आणि बहुतेक म्हातारी. बाकीचे एकमेकांकडे, मग वकिलाकडे पाहत राहिले. नोटीस त्यांनाही लागू होती. काही वेळाने त्यांतले थोडे उठले. उशीर झाल्यावर गणराजही बूट न काढताच खाली उतरला. पहिल्या पावलाला उजवा बूट चिखलात राहिला. त्याने तो काढायचा प्रयत्न केला नाही. चिखलाच्या ढेपा हातोहात पुढे जात होत्या. त्याला रांगेत आईच्या शेजारी जागा मिळाली. ढेप कशी धरावी हे हात विसरले होते, ती दोनदा त्याच्या हातून फुटली. आवडाबाई एवढेच म्हणाल्या, “खालून धर. वरून धरतोस म्हून फुटतं.”

अंधार पडेपर्यंत खांड निम्मी बुजली होती. उरलेली निम्मी रात्रीच्या भरतीने मोजून परत नेली, वर थोडा बांधही नेला. दुसऱ्या दिवशी हेतलबेनचा जेसीबी आला आणि वाटेतच रुतला. त्याला काढायला शंख वाजवावा अशी तिने विनंती केली, ती कोंडाजीने नम्रपणे नाकारली.

पुढच्या काळात आवडाबाई भरती ओसरली की आपल्या खाचरात जात आणि चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, धरत. कोणी विचारले तर म्हणत, भात व्हता तवा शेतकरीन व्हते, आता कोळीन झाले, जागा तीच. गणराज टॉनिक पाठवीत राहिला. त्याच्या कार्यालयातली गर्दी कमी झाली नाही, उलट वाढली, कारण बंगल्यांच्या मालकांनी एकमेकांवर, हेतलबेनवर आणि समुद्रावर दावे लावायला सुरुवात केली होती. आपल्या नोटिशीची प्रत मात्र त्याने भिंतीवरच्या चौकटीतून काढली. त्या जागी काय लावावे हे सुचितालाही सुचले नाही. चौकट तशीच रिकामी राहिली. करमअलींनी तोवर वाडी विकली होती, मुंबईच्या एका दंतवैद्याला, ज्याला शेतकरी कोणी केले ते त्यांनी सौजन्याने विचारले नाही.

आवडाबाई २०२२ च्या माघात गेल्या. वारसाचा फेरफार पंधरा दिवसांत मंजूर झाला, आणि गणराज नारायण मोकल पुन्हा शेतकरी झाला. सातबारा घेऊन तो एकदा नांदखारला जाऊन आला. बांधावर उभे राहून आपली जमीन कुठून कुठवर ते त्याने शोधले, पण भरतीची वेळ होती आणि हद्दीच्या खुणा पाण्याखाली होत्या. त्याने बूट काढून हातात घेतले होते, असे कोंडाजीने सांगितले.

२०२४ च्या पाहणीत नांदखारच्या बांधाच्या आतील सर्व क्षेत्र, बंगल्यांचे आणि आवडाबाईंच्या गटाचे धरून, कांदळवन म्हणून नोंदले गेले.